आधी एक पाजणं पूर्ण बघा

परीक्षेच्या दुसऱ्या भागात बहुतेक प्रश्नांसोबत फोटो असतो. संगणकाच्या पडद्यावर स्तनाला लागलेलं बाळ, नाहीतर अगदी जवळून टिपलेलं स्तनाग्र, आणि खाली चार पर्याय. तुम्हाला कशाची शंका येते? सगळ्यात आधी काय कराल? आईला काय सांगाल? एकूण १७५ प्रश्नांची ही परीक्षा पास झाली की नावापुढे ‘आयबीसीएलसी’ ही अक्षरं लागतात. स्तनपान सल्लागार म्हणून जगभर मान्यता मिळते ती या अक्षरांना.

मी मुंबईत या परीक्षेची तयारी करून घेते. फोटोंचा सराव आला की आमच्या वर्गात हमखास एक अडचण उभी राहते. संदर्भाच्या पुस्तकांतले बहुतेक फोटो गोऱ्या बायकांचे. स्तनदाहाच्या पानावर गुलाबी कातडीवर लालबुंद पट्टा उठून दिसतो. मुली तो पाठ करतात आणि मग वॉर्डात येतात. एका बॅचमध्ये एक फिजिओथेरपिस्ट होती, अभ्यासात सगळ्यांच्या पुढे. सावळ्या वर्णाच्या एका बाळंतिणीला आदल्या रात्रीपासून ताप होता, डावा हात वर उचलवत नव्हता. हिने नीट बघितलं आणि वहीत लिहिलं, ‘लाली नाही.’ शेजारी उभ्या असलेल्या वॉर्डातल्या सिस्टरनी तिचा हात धरला, पालथा केला आणि आईला विचारून आधी उजव्या बाजूला टेकवला, मग डाव्या. “फरक कळतोय?” डावी बाजू पेटलेली होती. कडेला खाली एक टणक भाग लागत होता आणि तिथे बोट टेकताच आई कळवळली. आपल्याकडच्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. इथे ऊब बघायची, कडकपणा बघायचा आणि आईला विचारायचं, कधीपासून, कुठे, किती. तेव्हापासून प्रत्येक बॅचला मी फोटो दाखवण्याआधी हाताने बघायला शिकवते.

आमच्याकडे येणाऱ्या बायका तऱ्हेतऱ्हेच्या असतात. प्रसूतीपश्चात वॉर्डातल्या परिचारिका असतात, आहारतज्ज्ञ असतात, क्वचित एखादी स्त्रीरोगतज्ज्ञ असते. आणि दर बॅचमध्ये एखादी अशी असते जिचा वैद्यकाशी काहीच संबंध नाही, फक्त स्वतःच्या बाळाच्या वेळी ती फार सोसून गेलेली आहे. बँकेतली नोकरी सोडून आलेली एक अशीच माझ्या चांगली लक्षात आहे. पहिल्या दिवशी ती दाराशीच थांबली होती. “मी कॉमर्सची आहे. मला चालेल का?”

चालतं. या व्यवसायाचा उगम माहीत असला की ते का चालतं हे कळतं. १९५६ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्कमध्ये सात आयांनी मिळून ‘ला लेचे लीग’ नावाची संघटना काढली. त्या काळी तिथे बाटलीनेच पाजण्याची रीत पडली होती आणि अंगावर पाजू इच्छिणाऱ्या बाईला विचारायला कोणी उरलं नव्हतं. या सातजणी एकमेकींच्या घरी जमायच्या आणि नव्या आयांना आपलं अनुभवाचं शहाणपण द्यायच्या. पुढे डॉक्टर आणि परिचारिकाही त्यांना विचारू लागल्या. मग या अनुभवाला शास्त्राची बैठक आणि परीक्षेची शिस्त हवी असं ठरलं, आणि १९८५ मध्ये लीगच्याच पाठबळावर आंतरराष्ट्रीय परीक्षा मंडळ उभं राहिलं. पहिली परीक्षा त्याच वर्षी झाली. आयांनी सुरू केलेल्या या कामाचं दार आयांना बंद असून चालणार नव्हतं.

आज त्या दारापर्यंत जायच्या तीन वाटा आहेत. परिचारिका, डॉक्टर, आहारतज्ज्ञ अशा आरोग्य व्यावसायिकांना, किंवा मान्यताप्राप्त माता-गटांत काम केलेल्या बायकांना, अर्जाआधीच्या पाच वर्षांत १००० तासांचं प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. दुसरी वाट विद्यापीठातल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची, त्यात ३०० तास देखरेखीखाली. तिसरी वाट मार्गदर्शकाची. मंडळाकडून आधी आराखडा मंजूर करून घ्यायचा आणि ५०० तास अनुभवी सल्लागाराच्या नजरेखाली काम करायचं. कोणत्याही वाटेने गेलात तरी स्तनपानविषयक ९५ तासांचं शिक्षण सुटत नाही, आणि त्यातले पाच तास फक्त संवादाचे असतात. वैद्यकाची पार्श्वभूमी नसेल तर शरीररचना, शरीरक्रिया, पोषण, मानसशास्त्र, संशोधनाची ओळख, संसर्ग-नियंत्रण असे एकूण चौदा विषय पुरे करावे लागतात. बँकवाल्या ताईंनी ते सगळे केले. मुलाला शाळेत सोडून आल्यावर त्या शरीररचनेचं पुस्तक उघडत.

बॅच पहिल्यांदा वॉर्डात जाते त्या दिवशी मी एकच काम देते. एका आईची परवानगी घ्या, स्टूल ओढून बसा, आणि बाळ पाजायला घेतल्यापासून ते आपणहून सोडेपर्यंत बघा. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, फोन बाहेर ठेवायचा. जे दिसेल ते वेळेसकट लिहायचं.

हे काम ऐकून बहुतेकींना वाटतं की खरं शिक्षण उद्यापासून सुरू होणार. एका बॅचमध्ये असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई मात्र वॉर्डातून परत आल्या त्या गप्पच होत्या. चहाच्या वेळी म्हणाल्या, “इतकी वर्षं बाळंतपणं करतेय. राउंडला गेले की विचारते, पाजलं का? ‘हो’ म्हटलं की पुढच्या खाटेवर. पण एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी आज पहिल्यांदा पाहिलं.” त्यांच्यासारख्या कितीतरी डॉक्टर असतील, आणि यात त्यांचा दोष नाही. राउंडची रचनाच तशी असते.

पूर्ण पाजणं पाहिलं की काय दिसतं? सुरुवातीला बाळ भराभर, उथळ चोखतं, पण गिळत नाही. मग पान्हा येतो आणि ताल बदलतो. हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते, आणि घशातून एक हलका श्वाससोडता आवाज येतो. तो घोट. बाळाच्या आधी घट्ट वळलेल्या मुठी हळूहळू सैलावतात, कोपरं ढिली पडतात. बाळ स्वतः सोडतं तेव्हा स्तनाग्र कसं बाहेर येतं तेही बघायचं. गोल आलं तर ठीक. एका बाजूने चेपलेलं, तिरकं आलं तर बाळाने नुसतं टोक धरलं होतं, आणि आईला दुखत होतं, ती बोलली नसली तरी.

एकदा दोघींनी एकाच आईजवळ, खाटेच्या दोन बाजूंना बसून बघितलं. आहारतज्ज्ञ मुलीने लिहिलं, ‘बाळ ३५ मिनिटं छान प्यायलं.’ पलीकडे बसलेल्या परिचारिकेने लिहिलं, ‘पहिल्या तीन मिनिटांनंतर घोटाचा आवाज नाही. बाळ अंगावर झोपलंय, मधूनमधून ओठ हलतात.’ दोघींत चांगलीच जुंपली. मग कागद काढला. बाळाला चौथा दिवस होता आणि वजन जन्मापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत नवजात बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण सात टक्क्यांच्या पुढे गेलं की सल्लागाराने खुर्ची जवळ ओढायची असते. दहाच्या पुढे गेलं की बालरोगतज्ज्ञांना कळवायचंच. तसं कळवलं. आणि त्याच बैठकीत आईला बाळ पुन्हा धरायला शिकवलं. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर, मान थोडी मागे, तोंड जांभईइतकं उघडेपर्यंत धीर धरायचा, मग हनुवटी आधी टेकवत बाळाला आपल्याकडे घ्यायचं. खालचा काळा भाग जास्त तोंडात जातो, वरचा थोडा दिसत राहतो. दुसऱ्या प्रयत्नात घोट ऐकू यायला लागले, आणि आई म्हणाली, “अगंबाई, आता दुखत नाहीये.” चार दिवस दुखत होतं, पण तसंच असतं असं तिला सांगण्यात आलं होतं. किती मिनिटं पाजलं हा प्रश्न त्या आहारतज्ज्ञ मुलीने पुन्हा कुठल्याच आईला विचारला नाही.

वर्गातल्या सरावाला आमचं सामान अगदी साधं असतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने १९९३ मध्ये स्तनपान समुपदेशनाचा ४० तासांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात मोज्यांपासून स्तनाची प्रतिकृती कशी करायची ते दिलं आहे. आम्ही अजून तीच करतो. कातडीच्या रंगाचा मोजा, आत कापूस, मध्ये टाचून काढलेलं स्तनाग्र. बाळ म्हणून बाहुली, ती नसेल तर गुंडाळलेला टॉवेल. हजारो रुपयांची सिलिकॉनची मॉडेलं बाजारात मिळतात, पण मोज्याचं स्तन मुली घरी नेऊ शकतात, चाळीत, पाड्यावर, बसमध्ये शेजारी बसलेल्या गरोदर बाईलासुद्धा दाखवू शकतात.

मोज्यांपेक्षा अवघड सराव प्रश्नांचा. एक आई होते, एक सल्लागार, बाकीच्या ऐकतात. सल्लागाराने ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असा प्रश्न विचारला की सगळ्या हात वर करतात. पहिल्या दिवशी हात खाली येतच नाहीत. “दूध पुरतंय ना?” हात. “बाळ नीट पितंय ना?” हात. “रात्री उठता ना?” हात. या प्रत्येक प्रश्नात एक निकाल लपलेला असतो, आणि बाळंतिणीला तो बरोबर ऐकू येतो. पुरतंय ना म्हणजे पुरत नसणार. नीट ना म्हणजे मी काहीतरी चुकतेय. मग ती ‘हो’ म्हणून मोकळी होते नाहीतर रडायला लागते, आणि दोन्ही वेळा सल्लागाराच्या हाती काही लागत नाही. “कालपासून कसं चाललंय ते सांगा” एवढंच म्हटलं की बाई बोलायला लागते. दिवस संपता संपता मुलींना ते जमतं, पण घरी गेल्यावर म्हणे नवऱ्याला, मुलांनाही तसंच विचारायला लागतात. एकीचा मुलगा विचारत होता, “आई, तू आज सरळ का विचारत नाहीस?”

वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेल्या परिचारिकांना सर्वांत कठीण जातं ते हात आवरणं. आमच्याकडे आलेल्या एका ज्येष्ठ सिस्टरचा हात विलक्षण होता. एका हाताने स्तन, दुसऱ्याने बाळाचं डोकं, आणि काही सेकंदांत बाळ लागलेलं. आया त्यांना देव मानत. मी त्यांना सांगितलं की आजपासून दोन्ही हात पाठीमागे धरायचे आणि फक्त शब्दांनी आईकडून करून घ्यायचं. कारण पहाटे तीन वाजता, डोंबिवलीच्या नाहीतर विरारच्या घरी, त्या आईजवळ सिस्टरचे हात नसणार. शिवाय बाळाचं डोकं मागून दाबलं की ते उलट मागे रेटतं आणि काही बाळं स्तनालाच बिचकायला लागतात. आधार मानेच्या खाली, खांद्यांशी द्यायचा असतो.

सिस्टर संतापल्या. “मॅडम, एका आईला तोंडाने शिकवायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात माझी सगळी रांग लावून होते. भरलेला वॉर्ड, रात्रपाळीला आम्ही दोघी. कोणाला देऊ वीस मिनिटं?”

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि आजही आहे. माणसं वाढवल्याशिवाय नुसत्या प्रशिक्षणाने वॉर्ड बदलत नाही, हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते. पण सिस्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपली वाट काढली. दुपारच्या वेळी एका खाटेवर बसून त्या मोज्याचं स्तन आणि बाहुली घेऊन एका आईला शिकवायच्या, आणि आजूबाजूच्या खाटांवरच्यांना उशीला टेकून बघायला सांगायच्या. ज्या आईला जमलं तिला पुढच्या खाटेवर पाठवायच्या, “तू सांग आता हिला.” काही दिवसांनी मी गेले तेव्हा तिसऱ्या दिवसाची एक बाळंतीण पहिल्या दिवसाच्या बाळंतिणीला म्हणत होती, “थांब, घाई नको, तोंड उघडू दे त्याला.” सिस्टर टेबलाशी बसून नोंदी करत होत्या. शिकागोच्या सातजणींनी नेमकं हेच केलं होतं.

मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांना या कामाची जुनी ओळख आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दात्या आयांचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करायचं आणि कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना द्यायचं. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९१ च्या डिसेंबरात, वर्ध्याला ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. जन्मल्या जन्मल्या आईच्या पोटावर ठेवलेलं बाळ आपणहून सरकत स्तनापर्यंत जातं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये नोंदवलं होतं. त्यावरची जी चित्रफीत मी आजही वर्गात दाखवते ती युनिसेफच्या महाराष्ट्र कार्यालयाने २००७ मध्ये आणली. ती संपली की वर्गात थोडा वेळ कोणी बोलत नाही, आणि मग परिचारिका हळूच विचारतात, “आमच्याकडे तर बाळ लगेच उचलून वजनाला नेतात. त्याचं काय करायचं?”

अतिदक्षता विभागाच्या दाराशी शिकायचं असतं ते वेगळंच. बाळ आत पेटीत, आई बाहेर, आणि तिला हाताने दूध काढायला शिकवायचं. पहिल्या दिवशी येतो चीक, तोही थेंबाथेंबाने. सिरिंजमध्ये दीड-दोन मिलिलिटर जमले की आई ते बघते आणि मान खाली घालते. “एवढंच?” त्या वेळी काय बोलायचं याचा सराव आम्ही वर्गात कितीदा तरी करतो. निरोगी, भरल्या दिवसांच्या बाळाचंसुद्धा पहिल्या दिवशीचं एक पाजणं चहाच्या चमच्याएवढंच असतं. पेटीतल्या बाळाला तर हे थेंब औषधाइतके मोलाचे. बँकवाल्या ताईंनी एका आईसमोर ती सिरिंज उजेडात धरली, तिच्यावर आईचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि ती आईच्याच हातात देऊन तिला दारातल्या सिस्टरपर्यंत नेलं. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना हे.

घरभेटी सुरू झाल्या की सासूबाई भेटतात. नवख्या सल्लागार सासूला अडथळा समजतात, आणि मला ते मुळीच पटत नाही. एका घरी आजी बोंडलं घेऊन तयारच बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून वरचं दूध सुरू होतं. आमच्या मुलीने सहा महिने निव्वळ आईचं दूध या विषयावर बोलायची पूर्ण तयारी करून आणली होती. मी तिला खुणेनेच थांबवलं. ती सावरली आणि म्हणाली, “आजी, तुमच्या वेळी कसं होतं ते सांगा ना.”

आजी बोलायला लागल्या. पहिलं बाळंतपण माहेरी. चीक वाईट म्हणून तीन दिवस पिळून टाकला, बाळाला मध चाटवला. तिसऱ्या दिवशी छाती दगड झाली, बाळाला धरताच येईना, ते रडून रडून निळं झालं. आजींना ताप भरला. मग कोणीतरी म्हणालं, हिला दूधच नाही. ते त्यांच्या नावाला चिकटलं ते कायमचं. चारही मुलं म्हशीच्या दुधावर वाढली. “हिलाही नसणार म्हणून मी आधीच सोय केली,” त्या सुनेकडे बघत म्हणाल्या.

मुलीने मोज्याचं स्तन काढलं. चीक न पाजता दूध आतच राहिलं, म्हणून ते ताठरलं. ताठरलेला काळा भाग बाळाच्या तोंडात मावत नाही. दूध निघालं नाही की शरीर हळूहळू बनवणंच बंद करतं. ताठरलं असताना बोटांच्या टोकांनी स्तनाग्राभोवती थोडा वेळ हलकं दाबून धरलं असतं, थोडं हाताने काढलं असतं, तर तो भाग मऊ पडून बाळाने धरलं असतं. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे मला दूध होतं?”

“होतं आजी. भरपूर होतं.”

बोंडलं आम्ही कपाटात ठेवायला लावलं नाही. बाटलीपेक्षा वाटी-चमचा नाहीतर बोंडलं कधीही चांगलं, धुवायला सोपं आणि बाळाची चोखण्याची सवय न बिघडवणारं. काही दिवस सुनेने काढलेलं दूध आजींनीच बोंडल्याने पाजलं, आणि बाळ अंगावर नीट लागल्यावर त्यांनीच ते बंद केलं. आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मात्र चालू राहिले, आणि त्याला आमची काहीच हरकत नसते.

एका कार्यशाळेच्या आधी एका कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आला. सभागृहाचं भाडं, जेवण, सगळ्यांना पिशव्या, सगळं आमच्याकडून. वर्गातली एक नवीन मुलगी म्हणाली, “जेवणच तर आहे ना मॅडम?” तेव्हा मी कायदा वाचायला दिला. बाळाच्या दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांबद्दलचा हा कायदा १९९२ चा, २००३ मध्ये आणखी कडक झालेला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा उत्पादनांची जाहिरात तर बंद आहेच, पण आरोग्यसेवक आणि त्यांच्या संघटनांना परिसंवाद, बैठक, परिषद, शिष्यवृत्ती आणि चक्क शैक्षणिक अभ्यासक्रमासाठीही पैसे देण्याची उत्पादकांना मनाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेची यासंबंधीची आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ ची, तिच्यावर परीक्षेतही प्रश्न येतात. आम्ही घरून डबे आणतो. आणि वॉर्डात पाऊल टाकल्यावर मुलींनी आधी भिंती बघायच्या असतात. कॅलेंडर, वजनाचा तक्ता, टेबलावरचं पेन, कुठे कंपनीचं नाव आहे का? अनेकदा सापडतं. ते उतरवायला सांगणं हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि तो विनयाने पण ठामपणे करावा लागतो.

औषधांबद्दलचे फोन रोज येतात. दाढ काढली, प्रतिजैविक दिलं, पाच दिवस पाजू नका म्हणाले. इथे पाठांतर चालत नाही. अमेरिकेतले औषधशास्त्रज्ञ थॉमस हेल यांचा औषधं आणि आईचं दूध या विषयावरचा ग्रंथ उघडायचा, त्यात प्रत्येक औषधाला एल १ ते एल ५ अशी प्रतवारी आहे. दंतवैद्यांकडची भूल आणि अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची औषधं यासाठी पाजणं थांबवावं लागत नाही. पण ‘पाजा’ असं आईला परस्पर सांगायचं नाही. सल्लागार निदान करत नाही, औषध बदलत नाही. ज्यांनी औषध दिलं त्यांना फोन करायचा, संदर्भ वाचून दाखवायचा, निर्णय त्यांनी घ्यायचा. बँकवाल्या ताई पहिला असा फोन माझ्यासमोर करताना उभ्या होत्या. पलीकडचे डॉक्टर म्हणाले, “पान नंबर पाठवा.” त्यांनी पाठवला, आणि संध्याकाळी त्या आईने बाळ पाजलं.

ही परीक्षा मराठीत देता येत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. हात पाठीमागे धरायला शिकलेल्या त्या ज्येष्ठ सिस्टर मराठी शाळेतून आलेल्या. ड्यूटीनंतर आम्ही प्रश्न सोडवायला बसायचो. मी प्रश्न मराठीत सांगितला की त्यांचं उत्तर माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत यायचं. मग तेच उत्तर चार इंग्रजी पर्यायांत शोधायचं आणि तिथे त्या अडकायच्या, कारण दोन पर्याय बरोबर असायचे आणि ‘सर्वांत आधी काय’ हे एका छोट्या शब्दावर ठरायचं. बॅचमधली सगळ्यांत जाणकार बाई सराव-परीक्षेत मागे पडायची. शुल्क देशानुसार कमी-जास्त आहे, आपल्याकडे युरोप-अमेरिकेपेक्षा कमी, तरी तिच्या पगारातून ते टोचणारंच होतं. बँकवाल्या ताई रोज तासभर त्यांच्या शेजारी बसून इंग्रजी वाक्यं सोडवत, आणि बदल्यात सिस्टर ताईंना बाळं दाखवत. दोघी एकाच दिवशी परीक्षेला बसल्या आणि दोघी पास झाल्या. दर पाच वर्षांनी या मान्यतेचं नूतनीकरण करावं लागतं. सिस्टरांनी पुढच्या वेळेसाठी आतापासूनच वही घातली आहे.

पण दोघींच्या मागे अशा कितीतरी आहेत ज्या कधी बसणारच नाहीत. मराठीतून पूर्ण शिक्षण मिळायला हवं आणि परीक्षाही मराठीतून हवी, असं मला ठामपणे वाटतं. तोवर मिळेल ते वापरायचं. आयआयटी मुंबईच्या उपक्रमात डॉ. रूपल दलाल यांनी केलेल्या बाळ धरण्याच्या पद्धतींच्या चित्रफिती मराठीतही आहेत, आणि खेड्यापाड्यांत त्यांचा फार उपयोग होतो.

सिस्टर रजेवर साताऱ्याकडे गावी जातात तेव्हा तिथल्या आशा कार्यकर्त्यांसोबत बसतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत उभी केली. त्या कामाच्या आधाराने आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. मागच्या वेळी एका आशाताईने विचारलं, “सिस्टर, वजन करायचं, ताप बघायचा, नाळ बघायची, फॉर्म भरायचा. यात पाजणं बघायला वेळ कुठून आणू?”

सिस्टर म्हणाल्या, “वजनाला कपडे काढले की बाळ रडतंच ना? रडलं की आई पाजायला घेतेच. तुम्ही तेव्हा चप्पल घालता. तेव्हा उठू नका. फॉर्म तिथेच बसून भरा, आणि भरता भरता घोट ऐका.”